वरची चिल्लर

दिवाळी आली की आमच्या घराच्या दाराशी एकेक जण हसतमुखाने येऊन उभा राहू लागतो. पोस्टमन येतो, वर्तमानपत्र टाकणारा पोरगा येतो, कचऱ्याची गाडी घेऊन फिरणारा येतो. काय हवे ते त्यांनाही ठाऊक असते नि मलाही. पण 'पोस्त' हा शब्द मात्र दोन्हीकडून जरा चाचरतच उच्चारला जातो. किती द्यावी, गेल्या सालापेक्षा कमी दिली तर काय वाटेल, जास्त दिली तर पुढल्या साली तोच आकडा धरून बसतील की काय, असले हिशेब मनात चालू असतात आणि तोंडाने आपण म्हणत असतो, "घे रे, मुलांना खाऊ ने." द्यायचे ते खुशीने द्यायचे, असे म्हणतात, मग त्या खुशीला हा इतका घाम का फुटावा?

हाच प्रश्न गेल्या उन्हाळ्यात मला सातासमुद्रापलीकडे भेटला. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शाळामास्तराने अमेरिकेस जावे, हा योग माझ्या कर्तृत्वाचा नव्हे. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने तिकीट पाठवले. तिथे गेल्यावर पहिल्याच रविवारी त्याने आम्हांला एका देशी उपाहारगृहात नेले. तिथे बुफे होता. ताटली आपण घ्यायची, रांगेत आपण उभे राहायचे, वाढून आपणच घ्यायचे आणि टेबलही आपणच शोधायचे. आम्ही चौघे जेवलो. बिल झाले ऐंशी डॉलर. भावाने त्याखालच्या रिकाम्या रेघेवर आठाचा आकडा लिहिला.

"हे कशाचे?" मी विचारले.

"टिप, दादा."

"अरे, पण वाढले कोणी? जेवण तर आपणच ओढून आणले!"

"म्हणून तर आठ. बसून जेवलो असतो तर सोळा ठेवावे लागले असते."

"आणि काहीच नाही ठेवले तर?"

भाऊ जरा थांबला. समोर एक पोरगा आमच्या खरकट्या ताटल्या एकावर एक रचीत होता. "तर आज त्याने फुकट काम केले असे होईल," तो हळू आवाजात म्हणाला.

हे वाक्य मला झोंबले. का झोंबले ते पुढे येईलच. भाऊ कामावर गेला की माझा दिवस मोकळा असे, म्हणून मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागलो. इंग्रजी पुस्तके मी अडखळतच वाचतो, पण वेळ पुष्कळ होता. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे मांडतो.

प्रथम शब्दाचाच निकाल लावू. लंडनच्या जुन्या कॉफीगृहांतून 'चपळाईची हमी' अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द लिहिलेली पेटी ठेवलेली असे आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून 'टिप' शब्द निघाला, अशी एक कथा मोठ्या प्रेमाने सांगतात. ती साफ खोटी. आद्याक्षरे जुळवून शब्द पाडण्याची खोड अलीकडची. 'टिप' हा शब्द सतराव्या शतकातल्या इंग्रज चोर-भामट्यांच्या बोलीतला, आणि त्याचा अर्थ 'देणे, सरकवणे' एवढाच. आपला 'बक्षीस' फारसीतून आलेला. मौज अशी की वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला मी देतो तेही बक्षीस आणि बशीखाली ठेवलेले नाणे तेही बक्षीस. एक घेताना मुलगा मान ताठ करतो. दुसरे घेताना इकडेतिकडे पाहतो.

चालही शब्दाइतकीच जुनी. अठराव्या शतकात इंग्लंडात बड्या घरी जेवायला जाणे हा महागाचा मामला होता. पाहुणा निघाला की नोकर दाराशी ओळीने उभे राहत. कोणी टोपी देई, कोणी कोट देई, आणि प्रत्येकाच्या हातावर काही ठेवावे लागे. ह्याला 'व्हेल्स' म्हणत. भरपावसात लंडनच्या रस्त्यातून छत्री घेऊन हिंडणारा आणि त्यापायी लोकांचे हसे सोसणारा जोनास हॅन्वे याने ह्या चालीविरुद्ध लेखणी उचलली. १७६० च्या सुमारास काही सरदार-जमीनदारांनी ती बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा नोकर खवळले. १७६४ साली लंडनच्या रॅनला उद्यानात त्यांनी दंगाच केला. यजमान चाल बंद करायला निघाले होते खरे, पण तिच्या भरवशावर त्यांनी इतकी वर्षे पगार हात आखडूनच दिला होता. नोकरांना राग आला तो त्याचा.

इथे आपल्याकडची उलटी गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या जुन्या पंगतीत पैसे मिळत ते जेवणाऱ्याला! पेशवाईत श्रावणमासी पुण्यास लाडू खाऊन वर दक्षिणा घेऊन लोक गावी परतत. वाढणारे घरचेच, आणि वाढायला मिळणे हा मान. अर्थात त्या पंगतीला कोणाला बसू देत आणि कोणाला अंगणाबाहेर ठेवीत, हेही इतिहासातच लिहिलेले आहे. तेव्हा फार मिरवायचे कारण नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तो देश मुळात ह्या चालीचा वैरी. राजा नाही, सरदार नाही, मग हात कोणी पसरायचा नि कोणापुढे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपची सफर करून आलेल्या श्रीमंतांनी ही चाल तिकडून आणली. पण आणलेले बी रुजायला जमीन लागते. ती जमीन यादवी युद्धाने तयार केली.

१८६५ साली गुलामगिरी गेली. लाखो माणसे मोकळी झाली. हाती जमीन नाही, पैसा नाही, अक्षरओळख नाही. उपाहारगृहे, हॉटेले आणि आगगाड्या यांत त्यांना काम मिळाले. पगार मात्र नावापुरता किंवा मुळीच नाही. पोट भरायचे ते गिऱ्हाइकाने दिलेल्या नाण्यांवर. १८६७ साली जॉर्ज पुलमन याने निजायच्या गाड्यांची कंपनी काढली. ह्या गाड्या म्हणजे रुळांवरचे राजवाडेच. तिथे बिछाने घालायला, बूट चमकवायला, रात्री-अपरात्री घंटेसरशी धावायला त्याने नेमके मुक्त झालेले गुलाम नेमले. ही माणसे सेवेला सरावलेली आहेत, हा हिशेब. महिन्याच्या पगारासाठी चारशे तास काम किंवा अकरा हजार मैल प्रवास करावा लागे. बुटाच्या पॉलिशचे पैसेसुद्धा त्यांच्याच खिशातून जात. प्रवासी प्रत्येकाला 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायचे, तशी मालक पुलमनच्या नावाने. स्वतःचे नाव असलेल्या माणसाने दिवसभर दुसऱ्याच्या नावाला 'ओ' द्यायची आणि ती देताना हसायचे, कारण त्या हसण्यावर संध्याकाळची भाकर अवलंबून.

१८९७ साली पुलमन वारला. त्याच्यामागे कंपनीची सूत्रे ज्याच्या हाती गेली तो होता रॉबर्ट लिंकन. होय, गुलामांना मुक्त करणाऱ्या अब्राहम लिंकनचा मुलगा! १९१५ साली सरकारी चौकशी आयोगापुढे त्याला साक्ष द्यावी लागली. त्या वेळी पोर्टरचा पगार महिना साडेसत्तावीस डॉलर होता आणि बाकीचे प्रवाशांच्या टिपांवर सोडलेले होते. एखाद्या कादंबरीत मी असे पात्र घातले असते, तर जुळवून आणले म्हणून संपादकांनी माझे हस्तलिखित परत पाठवले असते.

ह्या चालीविरुद्ध लोक उठले नाहीत असे नाही. १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने टिप देण्या-घेण्यावर बंदीचा कायदा केला. मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, साउथ कॅरोलिना, टेनेसी यांनी तो कित्ता गिरवला. १९१६ साली विल्यम स्कॉट नावाच्या गृहस्थाने 'खाजणारा तळहात' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून ही चाल लोकशाहीला कलंक आहे असे प्रतिपादले. (तळहात खाजला की पैसा येतो, ही समजूत आपलीच आहे असे मी आजवर समजत होतो.) पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे पुसले गेले. मला वाटते, ते टिकणारच नव्हते. कायदा देणाऱ्याचा हात धरीत होता, घेणाऱ्याला पगार मिळवून देत नव्हता.

पोर्टरांनी मात्र वर्म ओळखले. २५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली त्यांनी संघटना बांधली आणि बरोबर बारा वर्षांनी, २५ ऑगस्ट १९३७ रोजी, कंपनीला करारावर सही करायला लावली. चारशे तासांचे दोनशे चाळीस झाले, पगार वाढला.

उपाहारगृहातल्या वाढप्याचे नशीब वेगळे. १९३८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, ताशी पंचवीस सेंट. पण हॉटेले नि उपाहारगृहे त्याबाहेर राहिली. १९६६ साली ती आत घेतली तेव्हा एक मेख मारली. गिऱ्हाइकाची टिप मालकाने पगारात धरावी. किमान वेतनाचा अर्धा भाग मालक देईल, उरलेला टिपांतून भरेल. १९९१ साली मालकाचा हा वाटा ताशी दोन डॉलर तेरा सेंट ठरला. १९९६ साली तो किमान वेतनापासून तोडून तिथेच गोठवला. पुढे देशाचे किमान वेतन २००९ साली सव्वासात डॉलरवर गेले, तरी दोन डॉलर तेरा सेंट जागचे हलले नाहीत. टिपा कमी पडल्या तर तूट मालकाने भरावी असे कायदा म्हणतो. पण ती मागायची कोणी, ज्याला उद्या पुन्हा त्याच मालकाकडे यायचे आहे त्याने? काही राज्ये ह्यापेक्षा जास्त देतात, न्यू जर्सीही देते. पूर्ण वेतन द्यायला लावणारी राज्ये मात्र सातच. वॉशिंग्टन त्यांतले एक, ज्याने १९०९ साली बंदी घातली तेच.

मालकाचा वाटा गोठला तसा गिऱ्हाइकाचा वाढत गेला. शिष्टाचाराची सर्वमान्य पंडिता एमिली पोस्ट हिने १९२२ साली शेकडा दहा पुरेत असे सांगितले होते. मग पंधरा झाले, आता अठरा-वीस. बुफेला दहा, कारण तिथे वाढपी ताट आणीत नाही. पाणी देतो, उष्टे उचलतो, टेबल पुसतो. म्हणजे मालकाने वाढप्याची अर्धी मेहनत गिऱ्हाइकाकडून करून घेतली, आणि त्यापायी पैसे कमी झाले ते वाढप्याचे.

आता ते झोंबण्याचे कारण. मॅट्रिकच्या परीक्षेनंतर दोन वर्षे मी आमच्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडासमोरच्या एका हॉटेलात पोऱ्या होतो. शेठ पहिल्या दिवशी म्हणाले, "पगार दीडशे, दोन वेळचे जेवण, आणि वरची चिल्लर तुझी." हे वाक्य मला त्या वेळी मोठे उदार वाटले होते. महिन्याभरात मी तरबेज झालो. आत येणाऱ्याच्या चपलेकडे पाहून हा आठ आणे ठेवणार की रुपया, हे मला कळू लागले. घड्याळवाल्या कंत्राटदाराची मिसळ मी आधी नेई, तर्री जास्त घाली. एके दुपारी एक म्हातारी नातवाला घेऊन कोपऱ्यात बसली होती. पोराला ताप होता; ती दोनदा पाणी मागून गप्प झाली. मी तिला ऐकले होते. पण तिच्या पायांत चपलाच नव्हत्या. मी कंत्राटदाराच्या टेबलावर फडके मारीत राहिलो. शेवटी ती स्वतः उठली, पिंपातून पेला भरून घेतला, पोराला पाजला, चहाचे पैसे गल्ल्यावर मोजून दिले आणि जाताना परत येऊन बशीखाली चार आणे ठेवून गेली.

ते चार आणे मी घेतले. चिल्लर माझीच होती.

शेठ माणूस वाईट नव्हते. परंतु दीडशेऐवजी अडीचशे दिले असते तर मी चपला पाहायला शिकलो नसतो, असे अजून मला वाटते. कदाचित ती माझी पळवाटही असेल. आपल्याकडे हल्ली बड्या हॉटेलांनी बिलातच सेवा-आकार लावायचा आणि गिऱ्हाइकाने कुरकुरायचे, असे चालले होते. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप लावू नये असे सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ठीक झाले. पण त्या भांडणात एका बाजूला मालक होते नि दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक. वाढपी तिथेही फडके घेऊन मागेच उभा.

परतण्याच्या आदल्या दिवशी भावाने पुन्हा त्याच बुफेत नेले. तोच पोरगा होता. ह्या खेपेस मी त्याच्या चपलेकडे नव्हे, तोंडाकडे पाहिले; ओठांवर नुकती मिसरूड फुटत होती. बिल पुन्हा ऐंशीच्या घरात. भावाने रेघेवर आठ लिहिले आणि सवयीने माझ्याकडे पाहिले.

"बसून जेवलो असतो तर किती?" मी म्हणालो.

"सोळा. पण दादा, हा बुफे आहे."

"असू दे."

त्याने आठाचा आकडा खोडून सोळा लिहिले. पोरगा तोवर आमच्या ताटल्या घेऊन आत निघूनही गेला होता.