तेलुगू अपूर्णांकचिन्हे आणि युनिकोड

तेलुगू लिपीत शून्य ते नऊ या दहा अंकांखेरीज अपूर्णांक लिहिण्यासाठी चिन्हांचा एक स्वतंत्र संच पूर्वी रूढ होता. मापे, वजने व हिशेब यांत वापरली जाणारी ही चिन्हे युनिकोड या संगणकीय लिपीप्रमाणाच्या ५.१ या आवृत्तीत, एप्रिल २००८ मध्ये समाविष्ट झाली. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत तेलुगू अक्षरे व दहा अंक होते. अपूर्णांकांना मात्र सतरा वर्षे थांबावे लागले. आज त्यांचे क्रमांक दशमान मोजणीने ३१९२ ते ३१९८ असे आहेत. ३१९९ हा त्यापुढील क्रमांक 'तूमु' या धान्यमापाच्या चिन्हाला दिलेला आहे.

चारचा आधार

दशांश पद्धतीत प्रत्येक पुढील स्थानाची किंमत आधीच्या स्थानाच्या दहाव्या हिश्शाइतकी असते. तेलुगू अपूर्णांकांत ती चौथ्या हिश्शाइतकी होते. पहिले स्थान पावाचे, दुसरे सोळाव्या भागाचे, तिसरे चौसष्टाव्या भागाचे, असा हा क्रम आहे. साहजिकच प्रत्येक स्थानी शून्य ते तीन एवढेच अंक पुरतात.

या पद्धतीत दशांशचिन्हाची गरज पडत नाही. विषम स्थानांवरील अंक उभ्या रेघांनी, तर सम स्थानांवरील अंक आडव्या रेघांनी लिहिले जातात. दोनच्या अंकापुढे एक उभी रेघ आणि त्यानंतर तीन आडव्या रेघा असल्यास ती संख्या दोन पूर्णांक सात षोडशांश होय. कारण पाव म्हणजे चार षोडशांश, आणि त्यात आणखी तीन मिळवायचे. बोलीत पावाला 'कालु', अर्ध्याला 'अर', पाऊणला 'मुक्कालु' आणि सोळाव्या भागाला 'वीसमु' अशी नावे आहेत.

शून्येही दोन आहेत. विषम स्थानासाठी 'हळ्ळि' हे खास चिन्ह, तर सम स्थानासाठी नेहमीचे तेलुगू शून्य वापरले जाते. केवळ एक चौसष्टांश लिहायचा तर प्रथम हळ्ळि, मग शून्य आणि शेवटी एक उभी रेघ काढावी लागते. ही शून्ये गाळली तर तीच रेघ पाव म्हणून वाचली जाईल आणि रक्कम सोळा पटींनी फुगेल.

मराठीशी नाते

पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या पिढीला हा हिशेब परका वाटणार नाही. जुन्या मराठी हिशेबांतही अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे सव्वा आणि दोन म्हणजे साडे असे लेखन होते. रुपयाचे आणेही सोळाच होते. मोडीसह उत्तरेकडील अनेक लिप्यांत वापरली जाणारी अशी दहा चिन्हे युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत, २००९ मध्ये दाखल झाली.

दोन्ही संचांत एक महत्त्वाचा फरक आहे. उत्तरेकडील पावाच्या चिन्हाला युनिकोडने एक चतुर्थांश हीच किंमत दिली आहे. तेलुगू चिन्हांना मात्र शून्य, एक, दोन, तीन अशा पूर्णांक किमती आहेत. त्यांचे खरे मूल्य स्थानावरून ठरते. त्यामुळे संगणकाला त्यांची बेरीज आपोआप करता येत नाही. त्यासाठी स्थानमूल्य जाणणारी स्वतंत्र आज्ञावली लागते.

उपयोग आणि मर्यादा

१ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान नाणी आली, मेट्रिक मापेही रुजली आणि ही चिन्हे व्यवहारातून मागे पडली. तरीही जुने दस्तऐवज संगणकावर उतरवताना त्यांचे महत्त्व कायम राहते. या चिन्हांऐवजी साधी उभी रेघ टंकलिखित केल्यास संगणक ती विरामचिन्ह समजतो. रक्कम शोधात सापडत नाही आणि पाव की पूर्णविराम, हा प्रश्न पुढील वाचकासाठी उरतो. दस्तऐवजाचे नुसते छायाचित्र ठेवले तर त्यातील आकडे शोधताही येत नाहीत.

केवळ क्रमांक मिळाल्याने काम संपत नाही. फॉन्टमध्ये आकृती नसेल तर चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन दिसतो, आणि कळफलकावर सोय नसेल तर टंकलेखक पुन्हा साध्या रेघेकडेच वळतो. मात्र क्रमांक निश्चित झाल्यामुळे एकदा अचूक नोंदवलेला पाव कोणत्याही संगणकावर पाव म्हणूनच ओळखता येतो.