आषाढाचं वारं, चैत्राचं ऊन

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या सगळ्यात जोमानं फिरतात त्या आषाढ-श्रावणात. नेमकी तेव्हाच ढगांमुळे सौरवीज उतरते. चैत्रात त्याच जिल्ह्यातल्या कोरेगावच्या माळावर ऊन रणरणतं, पण ते दिवसापुरतंच. दोघं एकमेकांची उणीव बरीच भरून काढतात. तरी वरकड वीज ठेवायची कुठे, हा प्रश्न उरतोच. त्यावरचा एक तोडगा सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो एका शाळामास्तरांचा.

पॉल ला कूर डेन्मार्कमधल्या आस्कोव या खेड्यात शिकवत. 1891 साली त्यांनी तिथं वीज करणारी पवनचक्की उभारली. बॅटऱ्या महाग होत्या, म्हणून त्या विजेनं पाण्याचं विघटन करून त्यांनी हायड्रोजन टाकीत साठवला. 1895 ते 1902 या काळात शाळेतले दिवे त्यावर जळले. हायड्रोजनमध्ये चुकून ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई आणि खिडक्यांच्या काचा फुटत. अखेर बॅटरीच सोयीची ठरली.

1923 साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी केंब्रिजच्या व्याख्यानात पवनचक्क्यांच्या रांगा आणि जमिनीखाली साठवलेला द्रव हायड्रोजन यांचं चित्र रंगवलं. हायड्रोजनच्या या प्रयोगांत सूर्य उशिरा आला. बव्हेरियातल्या नॉयनबुर्गचा सौर-हायड्रोजन प्रकल्प 1980च्या दशकातला. 2004 साली नॉर्वेच्या उत्सीरा बेटावर दहा घरांना वारा पडला की हायड्रोजनची वीज मिळू लागली.

अडतं ते हिशोबात. एक किलो हायड्रोजनला पन्नासेक युनिट वीज आणि किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं. त्याची पुन्हा वीज केली, तर जेमतेम तिसरा हिस्सा हाती येतो. पाणी वर चढवून पुन्हा टर्बाइनवर सोडलं, तर तीन-चतुर्थांशाहून अधिक वीज परत मिळते. म्हणजे दिवसाची वीज रात्रीसाठी ठेवायला बॅटरी किंवा डोंगरातलं धरणच बरं. हायड्रोजनची खरी गरज महिनोन् महिन्यांच्या साठ्याला.

दुसरी वाट नांगलच्या खत कारखान्यानं दाखवली होती. 1960च्या दशकात पंजाबातल्या या कारखान्यात भाक्रा धरणाच्या विजेनं हायड्रोजन बने, त्याचा अमोनिया आणि अमोनियाचं खत. परत वीज करायचीच नाही, म्हणून त्या टप्प्यावरची तूटही टळली. 2023 साली केंद्राचं हरित हायड्रोजन अभियान आणि महाराष्ट्राचं धोरण आलं. त्यातून कोरेगावच्या घेवड्याच्या पिकाला काही मिळायचंच असेल, तर ते तारेतून येण्याआधी खताच्या पोत्यातून येण्याची शक्यता जास्त.