डाखश्टाइन चुनखडक

डाखश्टाइन चुनखडक हा पूर्व आल्प्समधील, मुख्यतः ऑस्ट्रियातील, गाळाचा खडक आहे. ट्रायासिक कालखंडाच्या अखेरच्या भागात, सुमारे २२ ते २० कोटी वर्षांपूर्वी, टेथिस समुद्राच्या उथळ किनारी भागात तो साचला. डाखश्टाइन (उंची २,९९५ मी.) या पर्वतावरून त्याला हे नाव मिळाले. त्याची जाडी काही ठिकाणी १,००० मीटरहून अधिक आहे. साल्झबुर्ग प्रांतातील लोफर गावाजवळच्या कड्यांत त्याचे थर ठरावीक गटांनी पुन्हापुन्हा आलेले दिसतात. या गटांना ‘लोफर चक्रे’ म्हणतात. प्राचीन समुद्रपातळीतील चढउतारांच्या अभ्यासात त्यांचा दाखला नेहमी दिला जातो.

चुना निर्माण करणारे बरेचसे जीव सूर्यप्रकाश पोहोचेल अशा उथळ पाण्यात वाढतात. त्यामुळे त्यांच्या अवशेषांवरून पाण्याच्या खोलीचा अंदाज बांधता येतो. शिवाय चुनखडक पावसाच्या पाण्यात विरघळतो. तो पाण्याबाहेर उघडा पडला, तर त्याच्या पृष्ठभागावर झिजेच्या आणि पोकळ्यांच्या खुणा राहतात.

थरांची रचना

आल्फ्रेड फिशर या भूवैज्ञानिकाने १९६४ मध्ये या चक्रांचे सविस्तर वर्णन केले आणि प्रत्येक चक्राचे ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ असे तीन घटक मानले. ‘सी’ हा सर्वांत जाड, अनेकदा कित्येक मीटरचा थर असून तो कायम पाण्याखाली असलेल्या तळावर साचला. त्यात मेगॅलोडॉन गटातील मोठ्या, जाड कवचाच्या शिंपल्यांचे जीवाश्म आढळतात. खडकावर दिसणारे त्यांचे आडवे छेद गाईच्या खुरांच्या ठशांसारखे भासतात आणि स्थानिक जर्मन नावातही तीच उपमा आहे. ‘बी’ हा पातळ पापुद्र्यांचा थर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील आहे. सूक्ष्मजीवांच्या चटया, वाळल्याने पडलेल्या भेगा आणि बारीक पोकळ्या या त्याच्या खुणा होत. ‘ए’ हा तांबडा किंवा हिरवट मातकट गाळ असून तो बहुधा खालच्या ‘सी’ थराच्या झिजलेल्या पृष्ठभागावर आणि त्यातील भेगांत साचलेला असतो.

अन्वयार्थ

एवढ्या जाडीवरून समुद्र १,००० मीटर खोल होता असा समज होऊ शकतो, पण तो चुकीचा ठरेल. तळापासून माथ्यापर्यंतचे थर उथळ पाण्यातले आहेत. तळ सावकाश खचत गेला आणि खचलेली जागा चुन्याचा गाळ भरत गेला. म्हणून या थरांतून कळते ती सापेक्ष समुद्रपातळी, म्हणजे पाणी आणि तळ या दोहोंच्या हालचालींचा एकत्रित परिणाम.

खरा वाद या चक्रांच्या कारणांविषयी आहे. फिशरच्या मते समुद्रपातळी वारंवार वर-खाली होत होती. पृथ्वीची कक्षा आणि अक्षाचा कल यांत सुमारे २०,००० ते १,००,००० वर्षांच्या अंतराने होणाऱ्या बदलांशी या चक्रांचा संबंध जोडला जातो. मात्र त्या काळात ध्रुवांवर मोठे हिमस्तर असल्याचा स्पष्ट पुरावा नाही. त्यामुळे पाणी बर्फात अडकल्याने समुद्र उतरला, हे हिमयुगांना लागू पडणारे स्पष्टीकरण येथे सहज लावता येत नाही. दुसऱ्या मतानुसार गाळ साचत पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतो, तेथे थांबतो आणि तळ आणखी खचला की पुन्हा पाण्याखाली जातो. असे असेल तर समुद्रपातळी स्थिर राहूनही चक्रे तयार होऊ शकतात. थरांच्या क्रमाबद्दलही एकमत नाही. फिशरने चक्र वरच्या दिशेने खोल होत जाते असे मानले, तर नंतरच्या काही अभ्यासकांनी ते उथळ होत जाते असे मांडले.

या वादात थरांइतकेच महत्त्व त्यांच्यामधील पृष्ठभागांना आहे. भरतीचे पाणी पोहोचते त्याहून फार वर सागरी गाळ स्वतःहून साचू शकत नाही. त्यामुळे मधला ‘बी’ थर नसताना पाण्याखालच्या ‘सी’ थरावरच विरघळल्याच्या खुणा आणि तांबडी माती दिसली, तर तेथे पाणी खरोखर मागे हटले असले पाहिजे किंवा जमीन उचलली गेली असली पाहिजे. यांपैकी नेमके काय घडले हे ठरवण्यासाठी दूरच्या प्रदेशांतील समकालीन थर पाहावे लागतात. हंगेरीतील ट्रान्सडॅन्यूबियन पर्वतरांगांत अशीच चक्रे आहेत. परंतु जीवाश्मांवरून मिळणारे वय इतके काटेकोर नसते की तिकडचे एकेक चक्र लोफरच्या एकेका चक्राशी जुळवता यावे.