आबे मीन्य ह्यांचा छापखाना

ज्युबिलीच्या पुस्तकांत आपल्या देवळाचा इतिहास यावा, तें बांधणाऱ्या धर्मगुरूंचें व वाडवडिलांचें स्मरण व्हावें, हें योग्यच होय. परंतु ख्रिस्तसभेचा जुना इतिहास ज्या लेखांवरून आपणांस कळतो, ते लेख कोणीं जपले व कोणीं छापून आपल्या हातीं दिले, ह्याची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं. म्हणून वाचकांपुढें एका फ्रेंच धर्मगुरूचें चरित्र ठेवण्याचें योजिलें आहे. झाक-पोल मीन्य हे कांहीं संत नव्हते. आणि खरें सांगावयाचें तर मोठे पंडितहि नव्हते. ते छापखानेवाले होते. फ्रान्स देशांत सामान्य धर्मगुरूस 'आबे' म्हणण्याचा प्रघात आहे, त्यामुळें आबे मीन्य ह्याच नांवानें ते ओळखले जातात.

त्यांचें कार्य समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. सतराव्या व अठराव्या शतकांत पॅरिस येथील सें-झेर्में-दे-प्रे ह्या मठांत संत मॉर ह्यांच्या नांवानें चालणाऱ्या बेनेडिक्ट संघाचे साधु राहत असत. जुन्या हस्तलिखितांचे ताडे जमवावे, एका प्रतीशीं दुसरी प्रत ताडून पाहावी आणि धर्मपित्यांचे ग्रंथ शुद्ध करून छापावे, हीच त्यांची तपश्चर्या. झां माबियों ह्यांनीं १६६७ सालीं संत बर्नार्दांचे ग्रंथ काढले. पुढें १६७९ पासून संत ऑगस्तीन ह्यांचे ग्रंथ निघाले. नंतर राज्यक्रांति झाली. १७९० सालीं मठ मोडले गेले, १७९२ च्या सप्टेंबरांतील कत्तलींत संघाचे अखेरचे मुख्य प्राण गमावून बसले, आणि १७९४ च्या ऑगस्टांत त्या मठाच्या ग्रंथालयास आग लागून दीडशें वर्षांची ज्ञानसंपत्ति एका रात्रींत नष्ट होत आली. छापलेले ग्रंथ कोठें कोठें उरले होते खरे. पण ते दुर्मिळ व महाग. खेड्यांतल्या धर्मगुरूस ते दृष्टीसहि पडणें कठीण.

अशा काळांत, २५ ऑक्टोबर १८०० रोजीं, ओव्हेर्न्य ह्या डोंगराळ प्रांतांत सें-फ्लूर येथें मीन्य ह्यांचा जन्म झाला. त्यांनीं ऑर्लेआं येथें धर्मशास्त्राचा अभ्यास केला, १८२४ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली, आणि प्वीझो नांवाच्या गांवीं ते धर्मग्राम सांभाळूं लागले. १८३० च्या क्रांतीनंतर तिरंगी निशाणावरून तेथें तंटा माजला. पुढें धर्मगुरूंच्या स्वातंत्र्याविषयीं त्यांनीं एक पुस्तिका लिहिली, ती त्यांच्या बिशपांस रुचली नाहीं, आणि १८३३ सालीं ते पॅरिसास निघून गेले. त्याच वर्षीं त्यांनीं एक धार्मिक वृत्तपत्र काढलें. हेंच पुढें 'ल्युनिव्हेर' ह्या नांवानें लुई व्हयो ह्यांच्या हातीं फार गाजलें. पण मीन्य ह्यांनीं तें तीन वर्षांतच सोडून दिलें. रोजच्या वादविवादांपेक्षां त्यांच्या मनांत कांहीं निराळेंच घोळत होतें.

तें असें कीं, धर्मगुरूस लागणारें सर्व ज्ञान एका ग्रंथमालेंत आणावयाचें, तीं पुस्तकें दोन हजार भरावयाचीं, आणि ग्रामवासी धर्मगुरूलाहि परवडावीं इतक्या स्वस्त किंमतींत विकावयाचीं! १८३६ सालीं पॅरिसच्या वेशीबाहेर पती-मोंरूझ येथें त्यांनीं छापखाना घातला. टाइप जुळविणें, छापाचे ओतीव पत्रे पाडणें, वाफेच्या यंत्रावर छापणें, बांधणी करणें, सर्व कामें एकाच आवारांत. सुमारें तीनशें माणसें तेथें राबत असत. त्यांत आपल्या बिशपांशीं न पटल्यामुळें निराश्रित झालेले कांहीं धर्मगुरूहि होते, असें सांगतात. देवळांस लागणाऱ्या मूर्ति व ऑर्गन ह्यांचाहि व्यापार तेथून चाले. साधूचा मठ आणि गिरणी ह्यांचें तें एक चमत्कारिक मिश्रण होतें.

ह्या कारखान्यांतून पवित्र शास्त्राचीं भाष्यें, प्रवचनांचे संग्रह, धर्मविषयक कोश असे शेंकडों ग्रंथ निघाले. त्यांतील बहुतेक आज कोणी उघडीत नाहीं, व त्यांत फारसें नुकसानहि नाहीं. परंतु दोन ग्रंथमाला अमर झाल्या. पहिली लॅटिन धर्मपित्यांची: तेर्तुलियन ह्यांच्यापासून १२१६ सालीं वारलेले पोप तिसरे इनोसंट ह्यांच्यापर्यंत, म्हणजे एक हजार वर्षांचें लॅटिन ख्रिस्ती वाङ्मय. तिचे २१७ खंड १८४४ ते १८५५ ह्या अकरा वर्षांत छापून झाले. म्हणजे सरासरी दर अठरा-एकोणीस दिवसांस एक जाडजूड खंड! मागाहून सूचींचे ४ खंड निघाले. ह्या सूचींवर पन्नासांहून अधिक माणसें दहा वर्षांहून अधिक काळ खपलीं, असें मीन्य स्वतः सांगत. दुसरी माला ग्रीक धर्मपित्यांची. तिचे १६१ खंड १८५७ ते १८६६ ह्या काळांत निघाले, आणि त्यांत एका बाजूस ग्रीक मूळ व दुसऱ्या बाजूस लॅटिन भाषांतर दिलेलें आहे.

हें सर्व एकट्या मीन्य ह्यांच्या विद्वत्तेचें फळ नव्हे. कोणता ग्रंथ कोणत्या जुन्या आवृत्तीवरून घ्यावा, हें ठरविण्याच्या कामीं सोलेम येथील बेनेडिक्टाइन साधु झां-बातिस्त पित्रा ह्यांचें साहाय्य फार मोठें होतें. त्यांस १८६३ सालीं कार्डिनलपद मिळालें. मीन्य ह्यांची करामत अशी कीं, संत मॉरच्या साधूंनीं दीडशें वर्षें खपून जें शुद्ध केलें होतें, तें त्यांनीं उचलून आपल्या यंत्रावर चढविलें. ह्यास कोणी चोरी म्हणतात. परंतु ज्यांचीं घरें क्रांतीनें जाळलीं त्या साधूंचें श्रमफळ पुन्हां जगापुढें आणणारा दुसरा कोणी पुढें आला नव्हता, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे.

आपणां कोंकणच्या लोकांस ह्याचें काय, असें कोणी विचारील. तर ग्रीक मालेचा ८८ वा खंड पाहावा. त्यांत सहाव्या शतकांतील कॉस्मास नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याचा ग्रंथ आहे. हिंदी महासागरांतील बंदरांची माहिती देतांना तो म्हणतो कीं, कल्लिआना नांवाच्या ठिकाणीं इराणांतून नेमलेला एक बिशप आहे. हें कल्लिआना म्हणजे आपल्या ठाणें जिल्ह्यांतील कल्याण, असें पुष्कळ विद्वान् मानतात. कांहीं जण दुसरें स्थळ सुचवितात. तें कसेंहि असो, पोर्तुगीज गलबतें ह्या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं सुमारें हजार वर्षें पश्चिम हिंदुस्थानांत ख्रिस्ती मंडळी असावी, ह्याचा हा एक मोलाचा पुरावा होय. कॉस्मासचा हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभीं त्याच संत मॉर संघाच्या बेर्नार द मोंफोकों ह्यांनीं प्रथम छापला, व तेथून तो मीन्य ह्यांच्या मालेंत आला.

आतां दुसरी बाजू. मीन्य ह्यांचे कागद हलके होते, छपाई दाट होती, व घाईमुळें चुका पुष्कळ राहिल्या. परंतु त्याहून गंभीर गोष्ट पैशाची. एवढा कारखाना चालविण्यास भांडवल लागे, आणि गिऱ्हाइकें तर गरीब धर्मगुरु. तेव्हां मीन्य ह्यांनीं एक युक्ति काढली. जेथें मिस्साची दक्षिणा गरजेहून अधिक जमे, तेथून ती आपणांकडे घ्यावी. आणि ज्या धर्मगुरूस पुस्तकें हवीं असतील त्यानें रोख पैशांऐवजीं तितक्या वेळां त्या दात्यांच्या हेतूंसाठीं मिस्साबलि अर्पावा. वरवर पाहतां कोणाचेंच नुकसान नाहीं: दात्याचा हेतु पुरा होतो, धर्मगुरूस ग्रंथ मिळतो, छापखान्यास पैसा मिळतो. पण श्रद्धाळू विधवेनें आपल्या मृत पतीसाठीं दिलेलें नाणें व्यापाराच्या चोपडींत जावें, हें ख्रिस्तसभेस मान्य होण्यासारखें नव्हतें. पवित्र वस्तूचा सौदा होतो कीं काय, ही शंका रास्तच होती. हेतु चांगला म्हणून साधन शुद्ध ठरत नाहीं, हें मीन्य ह्यांच्यासारख्या धर्मशास्त्र शिकलेल्या मनुष्यास कळावयास हवें होतें असें आम्हांस वाटतें.

१८६८ च्या फेब्रुवारींत, १२ व १३ तारखांमधील रात्रीं, छापखान्यास आग लागली. छापाचे लक्षावधि पत्रे वितळून शिशाचे गोळे झाले. लक्षावधि फ्रँकांचें नुकसान झालें. विमा उतरला होता, पण हातीं फारच थोडी रक्कम आली. मीन्य तेव्हां सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांनीं पुन्हां उभारणीचा प्रयत्न केला. परंतु पॅरिसचे आर्चबिशप झोर्झ दार्ब्वा ह्यांनीं त्यांस हा व्यापार बंद करण्यास फर्माविलें आणि पुढें धर्मगुरूचीं कामें करण्यासहि मनाई केली. (हे आर्चबिशप स्वतः १८७१ च्या बंडाळींत ओलीस म्हणून गोळीस बळी पडले.) मध्यंतरीं प्रशियाशीं युद्ध झालें. १८७४ सालीं मिस्साच्या दक्षिणेनें पुस्तकें विकण्याविरुद्ध रोमहून हुकूम निघाला, त्याचा रोख मीन्य ह्यांच्यावरच होता. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर १८७५ मध्यें, पॅरिस येथें त्यांचें देहावसान झालें. उरलेला कारभार गार्निए बंधु ह्या प्रकाशकांकडे गेला.

ग्रीक मालेस चांगली सूची मीन्य ह्यांच्या हातून झाली नाहीं. ती १९१२ सालीं फेर्दिनां काव्हालेरा ह्यांनीं केली. मीन्य हयात असतांनाच व्हिएन्ना येथून १८६६ पासून लॅटिन धर्मपित्यांची अधिक शुद्ध माला निघूं लागली होती, आणि विसाव्या शतकांत फ्रान्स व बेल्जम येथें आणखी नव्या माला सुरू झाल्या. तरीहि धर्मपित्यांचें वचन कोठें आहे हें सांगावयाचें झाल्यास मीन्य ह्यांचा खंड व स्तंभ ह्यांचाच आंकडा देण्याची वहिवाट मोडलेली नाहीं. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या टिपांत हे आंकडे जागोजाग आहेत. नाताळच्या दिवशीं धर्मगुरु आपल्या प्रार्थनाग्रंथांत थोर पोप संत लिओ ह्यांचें जें प्रवचन वाचतात, त्याचा पत्ता लॅटिन मूळ प्रार्थनाग्रंथांत असा दिलेला आढळतो: लॅटिन माला, खंड ५४, स्तंभ १९० ते १९३.