जॉन : एका नावाचा प्रवास

मुलाचे नाव काय ठेवावे यावरून घरात वाद होणे नवे नाही. असाच एक वाद संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात नोंदला गेला आहे. जखऱ्या व एलिझाबेथ यांच्या बाळाला बापाचेच नाव द्यावे, असे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी व आप्तेष्टांनी ठरवून टाकले होते. आई मात्र योहान या नावावर अडून बसली. भावकीत हे नाव कोणाचेच नाही, हा आक्षेप निघालाच! अखेर मुक्या झालेल्या जखऱ्याने पाटी मागवून तेच नाव लिहिले आणि त्याची वाचा मोकळी झाली.

याच योहानाचे इंग्रजी रूप म्हणजे जॉन. मूळ हिब्रू शब्द 'योहानान'. त्याचा अर्थ 'परमेश्वराने कृपा केली आहे'. ग्रीक आणि लॅटिनमधून ते युरोपभर पसरले. फ्रेंचांनी त्याचे झाँ केले, स्पॅनिशांनी हुआन, पोर्तुगीजांनी जुआंव. इंग्लंडमध्ये ते खऱ्या अर्थाने रुजले १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर. १२१६ साली मरण पावलेला राजा जॉन इतका अप्रिय ठरला की, पुढे इंग्लंडच्या एकाही राजाने ते नाव घेतले नाही. प्रजेने मात्र ते टाकले नाही. जॉन्सन, जोन्स ही आडनावे आणि जॅक हे लाडके नाव त्यातूनच निघाले. अमेरिकेत १८८० पासून १९२३ पर्यंत मुलांच्या नावांत जॉन पहिला होता. इंग्लंडमध्ये १९४४ च्या यादीतही तोच अग्रभागी होता. नंतर मात्र तेथे त्याची चलती ओसरली.

आपल्या किनारपट्टीवर हे नाव इंग्रजांच्या आधी पोहोचले. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. तेव्हा स्नानसंस्काराच्या वेळी मिळे ते जुआंव. गोव्यात २४ जूनला विहिरीत उड्या घेऊन साजरा होणारा 'सांजांव' त्याच नावाची आठवण ठेवून आहे. पुढे राज्य बदलले. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबई परिसरातील आपल्या बांधवांनी 'ईस्ट इंडियन' हे बिरूद स्वीकारले. त्या काळात जुआंवचा जॉन झाला, पेद्रूचा पीटर झाला. संत तेच राहिले, उच्चार तेवढे राज्यकर्त्यांबरोबर पालटले.

परभणीची कथा निराळी. येथे पोर्तुगीज कधी आले नाहीत, आणि इंग्रजांचे राज्यही थेट नव्हते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. दरबारची भाषा उर्दू. जुन्या मिशनकाळात धर्मगुरूंच्या नोंदवहीत लॅटिन, प्रार्थनेत मराठी आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन वाटांनी हे नाव मराठवाड्यात शिरले. म्हणूनच मराठी बायबलमधला योहान आणि इंग्रजी जॉन दोघेही आपल्या घरांत सुखाने नांदतात. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन होऊन परभणी त्यात आली.

आणखी एक गोष्ट आपल्या सहसा ध्यानी येत नाही. आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांच्या घरी 'यह्या' नावाचा मुलगा असेल, तर त्याचे नावही बाप्तिस्मा देणाऱ्या योहानावरूनच आले आहे. कुराणाच्या 'मरियम' या अध्यायात हे नाव पूर्वी कोणाला दिले नव्हते असे म्हटले आहे, आणि लूकच्या वृत्तान्तातही भावकीत ते कोणाचे नव्हते. गंगाखेडच्या जनाबाईंच्या आणि नर्सीच्या नामदेवांच्या नावाने मुले वाढवणाऱ्या या भूमीला संताचे नाव लेकराला देण्याची रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

परकेपणा असलाच तर तो उच्चारात आहे, अर्थात नव्हे. तमिळ बांधवांनी तर अर्थच भाषांतरित केला. 'अरुळ' म्हणजे कृपा. म्हणून त्यांच्याकडे योहान झाला अरुळप्पर. लिस्बनला जन्मलेले आणि १६९३ साली हुतात्मा झालेले संत जॉन दे ब्रिटो तेथे अरुळ आनंदर म्हणून ओळखले जातात. आपण मराठीजनांनी असे धाडस फारसे केले नाही, याची आम्हांला खंत वाटते.

दोन नावांची प्रथा मात्र आपल्याकडे जुनी आहे, आणि तिला ख्रिस्तसभेच्या कायद्याचा आधार होता. १९१७ च्या धर्मसंहितेच्या ७६१ व्या कलमानुसार आईबापांनी ख्रिस्ती नाव दिले नाही, तर धर्मगुरूंनी त्याला एखाद्या संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत, असे सांगितले होते. १९८३ च्या संहितेने ही अट सैल केली. नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे, एवढेच आता पाहिले जाते.

दुसरे कारण धार्मिक नव्हे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना सवलतींतून वगळले. हीच मुभा शीख दलितांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाली. ख्रिस्ती व मुस्लिम दलितांना मात्र नाही. त्यामुळे रविवारी जॉन म्हणून हाक ऐकणारा मुलगा सोमवारी शाळेच्या हजेरीत दुसऱ्याच नावाने उभा राहतो. त्याला दोष देणे आम्हांला अन्यायाचे वाटते. वडिलांनी पोराच्या शिक्षणाचा विचार केला, विश्वास सोडला नाही. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.