कांचघर : भोंग्याच्या अंतरावरची वस्ती

महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजाचा इतिहास आपल्याकडे बहुधा वाड्यांच्या आणि दरबारांच्या आधाराने लिहिला गेला आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर ही नावे उच्चारताच राजाश्रय, ग्रंथसंग्रह, संगीत आणि दानपत्रे डोळ्यांसमोर येतात. हा इतिहास खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. ज्यांना कोणी जहागीर दिली नाही, जे महिन्याच्या पगारावर परमुलखात गेले आणि भाडे परवडले म्हणून शहराच्या कडेला राहिले, त्यांची नोंद त्यात नाही. जबलपूरमधील कांचघर हा भाग अशा माणसांचा आहे, आणि त्याविषयी लिहिताना साहित्याच्या अभ्यासकाला आपल्या साधनांकडे पुन्हा पाहावे लागते.

कांचघर जबलपूरच्या पूर्व अंगाला आहे. घमापूर, लालमाटी, शीतलामाई हा त्याचा शेजार. पुढे तोफगाड्यांचा कारखाना, रांझी आणि खमरिया. नावातला अनुस्वार हिंदीत स्पष्ट नासिक्याने उच्चारला जातो. जुन्या मराठी लेखनातही हा शब्द अनुस्वार देऊन लिहिला जाई. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि आपली ‘काच’ तेवढी उरली. पाटीवरच्या त्या एका टिंबाकडे पाहताना मला नेहमी वाटते, की आपण ज्या खुणा नियमाने पुसल्या त्यांतील एखादी शेजारच्या भाषेने सांभाळून ठेवलेली असते.

मराठी माणूस जबलपुरास एकदाच गेला नाही. तो थराथराने गेला. १७८१मध्ये सागरच्या मराठी कारभाऱ्यांनी हा मुलूख घेतला. १७९८मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७मध्ये इंग्रजांकडे गेला. या छत्तीस वर्षांतील माणसे लष्करी आणि मुलकी कारभाराची होती. दुसरा थर रेल्वेचा. १८७०मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपुरात पूर्ण झाला आणि शहर एकाएकी देशाच्या हमरस्त्यावर आले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नैनपूरमार्गे येणारी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली, तेव्हा विदर्भाच्या पूर्व भागातील मराठी घरांना जबलपूर अक्षरशः एका रात्रीच्या अंतरावर आले. चौथा थर १९५६चा. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले आणि त्याच्याबरोबर वकील, कारकून, नकलनवीसही आले. काल एकाच राज्याच्या राजधानीचे रहिवासी असलेले लोक आज परप्रांतात गणले जाऊ लागले.

यांच्यामधला तिसरा थर कारखान्याचा, आणि कांचघर समजून घ्यायचे तर तोच महत्त्वाचा. १९०४मध्ये गन कॅरेज फॅक्टरी स्थापन झाली. त्यापूर्वी तोफगाडे बनवण्याचे काम मुंबई, मद्रास आणि फतेहगड अशा ठिकाणी विखुरलेले होते. समुद्रापासून दूर आणि रेल्वेच्या सांध्यावर असलेले जबलपूर या कामासाठी सोयीचे ठरले. दुसऱ्या महायुद्धात खमरियाची आयुध निर्माणी आली, १९६९मध्ये वाहन निर्माणी. खडकी, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी येथेही आयुध निर्माण्या असल्यामुळे बदलीच्या एका कागदावर मराठी कुटुंबे नर्मदेच्या पलीकडे जात आणि कधी परतही येत.

कारखान्याने नोकरी दिली, परंतु सर्वांना घर दिले नाही. क्वार्टर पगाराच्या श्रेणीप्रमाणे आणि नोकरीच्या वर्षांप्रमाणे मिळे. ज्याचा क्रमांक लागत नसे त्याच्यापुढे दोन पर्याय असत : शहराच्या जुन्या पेठांतील महाग खोली, अथवा शहर आणि कारखाना यांच्या मधल्या पट्ट्यातील स्वस्त खोली. कांचघर, घमापूर, रांझी यांची वाढ या दुसऱ्या पर्यायातून झाली. क्वार्टर मिळाले तरी निवृत्तीच्या दिवशी ते रिकामे करावे लागे. म्हणून भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन एखादा छोटा तुकडा घ्यायचा, आधी एक खोली बांधायची, मुलीच्या लग्नानंतर दुसरी, आणि निवृत्तीच्या रकमेतून स्लॅब टाकायचा, असा तो क्रम असे. अशा घराचा नकाशा म्हणजे त्या माणसाच्या पगाराचा इतिहास असतो.

माझे मामा या पट्ट्यातच राहत. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही नागपूरहून गोंदियास येऊन छोट्या गाडीने जबलपूर गाठत असू. पहाटे पहिला भोंगा झाला की मामी स्टो पेटवीत. दुसऱ्या भोंग्याआधी मामांची सायकल दाराबाहेर पडलेली असे. कॅरिअरला डबा, पायजम्याला क्लिप. गल्लीच्या तोंडाशी ही एक सायकल रस्त्यावरच्या शेकडो सायकलींत मिसळून जाई. आम्हां मुलांना घड्याळ पाहावे लागत नसे. नळाला पाणी यायची वेळ, शाळेची वेळ, गहू दळायला द्यायची वेळ, सारे भोंग्यावरून मोजले जाई. १९६५ आणि १९७१च्या युद्धांच्या दिवसांत ओव्हरटाइमची चर्चा घरोघर चाले. युद्ध म्हणजे दूर कोठे तरी चाललेले रक्तपात, आणि युद्ध म्हणजे राहिलेल्या भिंतीचे प्लास्टर; एकाच घरात हे दोन्ही अर्थ एकमेकांना न दुखवता नांदत होते. त्यातील नैतिक पेच मला पुष्कळ पुढे उमगला. मामांना तो उमगत नव्हता, असे मात्र मी आता म्हणणार नाही.

मामांच्या मराठीला आम्ही हसत असू. ‘आज छुट्टी आहे’, ‘तनखा उद्या होईल’, ‘दाल भिजवून ठेव’ असे ते बोलत. दाराबाहेर हिंदी, दाराच्या आत अशी मिश्र मराठी, आणि देवघरात तेवढी शुद्ध. भाषा घराच्या आत आत सरकत जाते तेव्हा ती प्रथम बाजार सोडते, मग शाळा, मग मुलांची भांडणे; शेवटी ती आरतीपुरती आणि हिशेबापुरती उरते.

येथे डोंबिवलीची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८५४मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचली. मुंबईत घर न परवडणाऱ्या मराठी मध्यमवर्गाने पुढे या मार्गावरची गावे भरून टाकली. लोकलची गर्दी, ब्लॉकचे हप्ते, गाडीतली भजनी मंडळे यांतून मराठी कथेला, कवितेला आणि विनोदाला एक अख्खे विश्व मिळाले. २०१७मध्ये तर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनच डोंबिवलीत भरले. कांचघरची दगदग डोंबिवलीपेक्षा कमी नव्हती. मग कांचघरने लेखक का दिला नाही? डोंबिवलीच्या प्रवाशाला सहप्रवासी मराठी होता आणि वाचकही मराठी होता. कांचघरच्या प्रवाशाचे दुःख हिंदीत सांगितले तर शेजाऱ्याला कळत होते, आणि मराठीत लिहिले तर वाचणारा शेकडो मैल दूर होता.

ज्यांना लिहायचेच होते ते म्हणून हिंदीत गेले. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. १९२०मध्ये जबलपूरहून निघालेल्या ‘कर्मवीर’ या साप्ताहिकामागेही त्यांची प्रेरणा होती. गजानन माधव मुक्तिबोध काही काळ जबलपुरात शिक्षक होते. ते हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी आणि समीक्षक. एकाच घरातून दोन वाङ्मयेतिहास निघतात, आणि आपण त्यांतील एकच आपला मानतो. याला केवळ मराठीची हानी म्हणणे संकुचितपणाचे होईल. परंतु ज्यांना हिंदीतही लिहिणे शक्य नव्हते त्या बहुसंख्यांचे काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

शतक संपता संपता शक्तिमान मालमोटारी आणि जोंगा यांचे उत्पादन थांबले. २२ मे १९९७च्या रात्री झालेल्या भूकंपाने शहरातील जुन्या, कच्च्या बांधणीच्या घरांना तडे दिले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील एकेचाळीस आयुध निर्माण्या सात कंपन्यांत विभागल्या गेल्या. जबलपूरचे तोफगाडे, वाहने आणि दारूगोळा तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. छोट्या गाडीचे रूळ उखडून तेथे रुंद मार्ग झाला आहे. मामांची नातवंडे पुण्यात आहेत. हिंजवडीतील नोकरीपासून दूर, परवडले तेथे त्यांनी घर घेतले आहे. त्यांच्या सकाळीही कोणी तरी घड्याळाने बांधल्या आहेत, फक्त भोंगा ऐकू येत नाही.

मामा गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत अठ्ठावीस वह्या निघाल्या. मी नुकतीच डॉक्टरेट मिळवली होती. काही कविता, निदान रोजनिशी सापडेल या आशेने मी त्या चाळल्या. सगळ्या हिशेबाच्या होत्या : तांदूळ, घासलेट, सायकलचे पंक्चर, विटा, सिमेंट, मामींचे औषध, सारे मोडी वळणाच्या मराठी अक्षरात. ‘यात काही नाही,’ असे मी मामींना सांगितले, आणि वह्या रद्दीत गेल्या. परमुलखातील एका स्वस्त वस्तीत मराठी भाषेने अठ्ठावीस वर्षे रोज केलेले काम मी माझ्या हातांनी तराजूत टाकले. कांचघरने लेखक दिला नाही, असे मी वर म्हटले आहे. ते विधान मला दुरुस्त केले पाहिजे. कांचघरात लिहिले जात होते. ते लेखन आहे हे ओळखणारा वाचक तेवढा मी नव्हतो.