खालापूरचा ल

संगणक आपल्या मनाजोगा करून घेणे म्हटले की पडद्यावरचे चित्र, रंग, चिन्हांची मांडणी असे हौशी उद्योग आठवतात. मराठीपुरते पाहिले तर या प्रथेचे कूळ कचेरीत सापडते. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये घडलेले ‘जिस्ट’ तंत्र १९८८मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. डॉसवर चालणाऱ्या यंत्रात जादाचे कार्ड बसवले की पडदा देवनागरी दाखवू लागे. विंडोजच्या काळात ते काम फॉन्टांनी उचलले. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने मराठी अक्षरे बसवली. टाइपरायटरवर तयार झालेल्या बोटांना ओळखीचा कळफलक मिळाला, हा फायदा लहान नव्हता. पण कर्जतच्या कचेरीत टंकलेले पत्र अलिबागच्या यंत्रात तोच फॉन्ट नसेल तर निव्वळ रोमन गिचमीड होऊन उघडणार. ज्याने त्याने आपली सोय केली आणि सगळ्यांची गैरसोय झाली.

म्हणून माझे म्हणणे असे की मराठी माणसाला संगणक हवा तसा बदलण्याची खरी मुभा प्रमाणीकरणाने दिली. १९९१च्या इस्कीने आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने अक्षराचा क्रमांक त्याच्या रूपापासून सोडवला. विंडोज २०००पासून देवनागरी थेट यंत्रणेत आली. आता कोणी इन्स्क्रिप्टने टंकावे, कोणी जुन्या रेमिंग्टन पद्धतीने; साठवला जाणारा मजकूर एकच. यावर आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही: एक क्रमांक म्हणजे एकच छाप, आणि ती बहुधा हिंदीची. ‘खालापूर’ लिहिताना पुष्कळ फॉन्टांत दंडाचा ल उमटतो, तर राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवले आहेत. मात्र हा दोष क्रमांकाचा नाही. दोन्ही ल युनिकोडात एकच आहेत आणि रूप निवडणे फॉन्टाचे काम आहे. मजकूर मराठी असल्याची खूण मिळाली तर पाकळीचा ल दाखवण्याची सोय ओपनटाइप फॉन्टात करता येते. काही फॉन्टांत ती आहेही. अडते ते वेगळ्याच ठिकाणी: टंकताना मजकुराची भाषा हिंदी किंवा इंग्रजीच नोंदलेली राहते, किंवा वापरातला प्रोग्राम ती खूण फॉन्टापर्यंत पोचवतच नाही. मग मराठी वळणाचा फॉन्ट हाताने निवडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.